भिंतीकडच्या कळ्या

१

यीस्टच्या पेशी जिवंतपणी मायक्रोस्कोपखाली बसवणं म्हणजे खायचं काम नाही, असं ताई येईल त्याला सांगायची. विभागातले सगळेच तिला ताई म्हणत. साठीला टेकलेल्या मामांनी आधी सुरुवात केली, मग बाकीच्यांनी उचललं. मामा म्हणजे प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारे, फरशी पुसणारे आणि कुठली किल्ली कुठे आहे हे ठाऊक असलेले एकमेव गृहस्थ.

आदल्या संध्याकाळी पेशी गोडसर पाण्यात वाढत ठेवायच्या. सकाळी त्यातला चमचाभर भाग ताज्या पाण्यात घालून दोन-तीन तास शेकरवर हलवायचा, म्हणजे पेशी ऐन भरात येतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हळू फिरवून तळाशी बसवायच्या, वरचं पाणी काढायचं, धुवायच्या, पुन्हा फिरवायच्या. एकमेकींना चिकटून बसल्या असतील तर नळीला बोटाने टिचक्या मारायच्या. काचेच्या तळाच्या डिशला एका शेंगेच्या बियांतलं चिकट प्रथिन आधीच लावून ठेवलेलं असतं. त्यावर एक थेंब सोडायचा, दहा मिनिटं श्वास रोखून थांबायचं, न चिकटलेल्या पेशी धुवून काढायच्या आणि वर ताजं पाणी घालायचं. यात कुठेही घाई झाली, पाणी गार लागलं, फिरकी जोरात बसली की पेशी मरतात. ताईने सहा वर्षांत किती मारल्या याची गणती नव्हती. "तुझ्या हाताला यश नाही," असं तिचे मार्गदर्शक सर एकदा चिडून म्हणाले होते आणि ते तिला चांगलंच लागलं होतं.

आता गुरुवारी अकरा वाजता समिती येणार होती. तीन माणसं येणार, तिचं काम बघणार, आणि दाखवण्यासारखं काही नसेल तर सहाव्या वर्षाअखेर तिचं टेबल दुसऱ्या कोणाला तरी जाणार. ताईच्या दृष्टीने जगात त्या आठवड्यात एवढी एकच गोष्ट होती.

सोमवारी मात्र नशीब फळफळलं. तिने धुण्याचं पाणी थोडं कोमट ठेवलं होतं, फिरकी निम्म्यावर आणली होती, आणि डिश ठेवून दोन तास झाले तरी सगळ्या पेशी टवटवीत होत्या. कॅमेऱ्याला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर सव्वाशे पेशी, आणि जवळजवळ प्रत्येकीला कळी फुटत होती. यीस्ट अशीच वाढते. आईच्या अंगावर एक बारीक गोळा येतो, तो फुगतो आणि दीड तासाने सुटून जातो. पेशी ही कळी कोणत्या बाजूला फोडायची हे कसं ठरवते, हाच तर ताईचा विषय होता. त्यासाठी तिने वापरलेला वाण मुद्दाम विसराळू केलेला होता. मागची कळी कुठे फुटली हे त्याला आठवत नाही, म्हणून तो वाटेल त्या दिशेला कळ्या फोडतो. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलेलं होतं.

आणि त्या सगळ्या कळ्या एकाच बाजूला होत्या. पडद्याच्या वरच्या कडेकडे, म्हणजे टेबलासमोरच्या भिंतीकडे.

ताई दोन मिनिटं नुसती बघत राहिली. मग तिने डिश अर्धी फिरवली. कळ्याही अर्थात फिरल्या आणि खालच्या कडेकडे बघू लागल्या. ती चाळीस मिनिटं घड्याळ लावून बसली. त्यानंतर ज्या नव्या कळ्या फुटल्या, त्या पुन्हा भिंतीकडे.

"मामा," ती म्हणाली, "इकडे या. मला चिमटा काढा."

"हात ओले आहेत," मामा बेसिनपाशीच म्हणाले.

२

सर आले ते शंकांची पिशवी घेऊनच आले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि सरांचं तोंड ताईच्या निकालांनी दोनदा पोळलेलं होतं.

"तू पाणी नेहमी एकाच बाजूने सोडतेस."

तिने दुसऱ्या बाजूने सोडलं. कळ्या भिंतीकडेच.

"खिडकीचा उजेड असेल."

तिने खिडकीला काळा कागद लावला, खोलीतले दिवे बंद केले. एसी बंद केला, शेकर बंद केला, फ्रिजची पिनसुद्धा काढली, आणि खोली इतकी शांत झाली की मामांच्या बुटांची कुरकुर ऐकू यायला लागली. कळ्या भिंतीकडेच.

"मग मायक्रोस्कोपच वेडा आहे," सर म्हणाले. "दुसरा लाव."

दुसरा मायक्रोस्कोप त्याच लांबलचक टेबलावर, सहा फुटांवर उजवीकडे होता. ताईने त्याच नळीतून नवी डिश बनवली आणि तिथे ठेवली. दोन तासांनी तिने पडदा चालू केला आणि खुर्ची ओढून अगदी जवळ बसली. इथल्याही कळ्या भिंतीकडे होत्या, पण सरळ नाही. त्या किंचित डावीकडे कललेल्या होत्या. तिने पहिल्या मायक्रोस्कोपवर येऊन कोन नीट मोजला, तर तिथल्या कळ्या किंचित उजवीकडे.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे दोन्ही एकाच ठिकाणाकडे बघतायत."

"जोडीदाराचा वास लागला की पेशी त्या बाजूला वाढते, हे आपल्याला माहीत आहेच ना सर? तसंच काहीतरी. कुठूनतरी काहीतरी येतंय."

तिने आलेखाच्या कागदावर टेबल काढलं, दोन मायक्रोस्कोप मांडले आणि पट्टीने दोन रेषा ओढल्या. त्या भिंतीपलीकडे चाळीस फुटांवर एकमेकींना मिळाल्या. भिंतीपलीकडे इमारतीचं मागचं अंगण होतं. तिकडे कोणी फिरकत नसे.

त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा ताईने पहिल्यांदाच आईला बोलू दिलं नाही. "आई, सापडलं. काय ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. पण सापडलं."

"जेवलीस का?" आई म्हणाली.

"नाही."

"मग सापडलेलं कुठे पळून जातंय? आधी जेव."

३

मंगळवारी रेषा बावीस फुटांवर मिळाल्या.

ताईने तीनदा मोजलं. चूक नव्हती. काल चाळीस फुटांवर असलेलं जे काही होतं, ते आज अठरा फूट जवळ आलं होतं. ती खुर्चीतल्या खुर्चीत गर्रकन फिरली. "मामा, हे चालतंय."

"काय चालतंय?"

"जे आहे ते."

गंमत अशी की एकाच डिशमध्ये तिला चालण्याचा माग दिसत होता. मोठ्या कळ्या तासाभरापूर्वी फुटलेल्या, त्यांची दिशा तासाभरापूर्वीची. बारीक कळ्या आत्ताच्या. मोठ्या कळ्यांच्या रेषा चोवीस फुटांवर मिळत होत्या, मधल्या तेवीसवर, अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या कळ्यांच्या बावीसवर. एवढं सुंदर मोजमाप तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिला कोणालातरी मिठी मारावीशी वाटत होती, पण समोर मामाच होते.

त्याऐवजी तिने मामांच्या हातात टेपचं एक टोक दिलं आणि दोघं अंगणात गेली. भिंतीला टोक टेकवून तिने बावीस फूट मोजले. तिथे खडी होती, एक उलटी पडलेली रिकामी टाकी होती आणि भर दुपारचं ऊन होतं. ताईने टाकी हलवली, खडी उकरली, वासही घेऊन पाहिला.

"काय शोधायचंय ते कळलं तर मीही शोधीन," मामा म्हणाले.

"ते कळलं असतं तर शोधलं कशाला असतं, मामा?"

मामांना हे पटलं असावं. त्यांनी टेप गुंडाळला.

परत आल्यावर खोलीचं दार सताड उघडं होतं. ताईने ते लावलं आणि कामाला बसली. थोड्या वेळाने पाठीला गार वारा लागला म्हणून वळून बघितलं तर दार पुन्हा उघडं. त्या दुपारी ती दार लावायला तीनदा उठली आणि तिसऱ्यांदा मामांवर जरा खेकसलीच, की जाता-येता कडी नीट घालत जा. मामा म्हणाले की अंगणातून आल्यापासून ते बेसिनपासून हललेलेच नाहीत. ताईने ते कानाआड केलं. तिच्या डोक्यात फूट आणि कोन यांच्याशिवाय कशाला जागा नव्हती.

४

बुधवारी नऊ फूट.

सर आता खोलीतून बाहेर पडायलाच तयार नव्हते. सहा वर्षांत ताईने त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. चाळीस, बावीस, नऊ. सरांनी फळ्यावर आकडे लिहिले, त्यातून वक्ररेषा काढली आणि ती नेमकी गुरुवारी दुपारपूर्वी शून्यावर येत होती.

"म्हणजे उद्या समिती इथे उभी असताना ते भिंतीला टेकणार," सर हात चोळत म्हणाले. "भिंतीवर खडूने फुली मारून ठेवू. अगं, लोक आयुष्य घालवतात आणि त्यांना असा मुहूर्त मिळत नाही."

"पण आहे काय ते, सर?"

"ते पुढच्या दोन वर्षांत बघू. आधी समितीकडून दोन वर्षं वाढवून तर मिळव."

ताई हसली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. सकाळी एकदा, पिपेट हातात धरलेली असताना, तिच्या मनात आलं होतं की जे आपल्या दिशेने येतंय ते कशासाठी येतंय. पण मध्ये दीड फूट जाडीची भिंत होती. भिंतीचा तिला मोठाच आधार वाटत होता. आणि खरं सांगायचं तर भीतीला डोकं वर काढायला आनंदाने जागाच ठेवली नव्हती.

मामा मात्र कुरकुरत होते. त्यांनी सकाळी फरशी पुसली होती, आणि दुपार झाली तरी खोलीच्या मधोमध घमेल्याएवढा भाग वाळत नव्हता. त्यांनी कोरडं फडकं फिरवलं, तो वाळला, आणि ते बादली ठेवून येईपर्यंत पुन्हा ओला झाला.

"वरून गळतंय का बघा," सर छताकडे न बघताच म्हणाले.

"वर काही नाही, सर. छत खडखडीत आहे."

"मग एसीचं पाणी असेल."

एसी सोमवारपासून बंद होता. पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी कोणी बोललं नाही.

५

गुरुवारी ताई सातलाच आली. पेशी धुतल्या, टिचक्या मारल्या, थेंब सोडले, दोन्ही डिश लावल्या. हात इतके सफाईने चालत होते की ते आपलेच आहेत यावर तिचा विश्वास बसेना. नऊ वाजता ती समितीसाठी कागद छापून आणायला गेली. परत आली तेव्हा मामा पहिल्या मायक्रोस्कोपपुढे उभे होते आणि डिश ठेवतात त्या फळीवरची धूळ फडक्याने टिपत होते. डिश त्यांनी बोटाने हलकेच पुढे सरकवली होती.

"मामा, हात लावू नका. राहू द्या ते."

"लावला नाही, नुसती सरकवली. पण ताई, एक सांगा. मी ही इकडे भिंतीकडे ढकलली, तर पडद्यावर ती माझ्याकडे का आली?"

"तसंच असतं ते. सवय होते."

हे बोलून झालं आणि ताईला आपलेच शब्द पुन्हा ऐकू आले. ती खुर्चीत बसली.

सवय होते. सहा वर्षांत तिचे हात उलटे चालायला शिकले होते. पेशी पडद्यावर खाली आणायची तर हात आपोआप वर ढकलायचा, त्यासाठी डोक्याला विचारावंही लागत नसे. तिने संगणकावर कॅमेऱ्याच्या मांडणीचं, म्हणजे सेटिंगचं, पान उघडलं. तिच्याआधी या टेबलावर बसणाऱ्या विद्यार्थ्याने कधीतरी तिथे एक खूण करून ठेवली होती, की चित्र वरचं खाली आणि खालचं वर दाखव. डावं-उजवं जसंच्या तसं. दोन्ही मायक्रोस्कोपवर तीच मांडणी होती. विभागातल्या नवख्या पोरांनी हे पहिल्याच दिवशी पकडलं असतं. नेमकी तिच्यासारखी मुरलेलीच यात फसू शकत होती.

तिने आलेखाचा कागद घेतला आणि टेबलाच्या रेषेवर दुमडला. भिंतीपलीकडचे तीन ठिपके खोलीच्या बाजूला आले. सोमवारचे चाळीस फूट म्हणजे व्हरांड्याचं पार दुसरं टोक. मंगळवारचे बावीस म्हणजे दाराच्या उंबऱ्याबाहेर. बुधवारचे नऊ म्हणजे खोलीचा मध्य, जिथली फरशी वाळत नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी ती अंगणात खडी उकरत बसली होती.

तिने ती खूण काढली. चित्र सरळ झालं. मग तिने दोन्ही पडद्यांवरच्या अगदी बारीक कळ्या शोधल्या आणि त्यांच्या रेषा ओढल्या. त्या तिच्या खुर्चीमागे दोन फुटांवर मिळाल्या.

ताई वळली. मागे काहीच नव्हतं. मामांनी सगळी फरशी पुसली होती आणि ती सगळी वाळलेली होती, खुर्चीमागचा एक गोल सोडून.

सर आले तेव्हा तिने त्यांना दारातच गाठलं. "सर, चित्र उलटं होतं. ते बाहेर नाहीये. ते खोलीत आहे."

सरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग तर आणखी सोपं झालं. समितीला भिंत कशाला दाखवायची? खुर्च्या आतच मांडू."

"सर, मला वाटतं आज नको."

"आज नको तर कधी? आज नाही दाखवलं तर उद्या तू या खोलीत नसशील." ते खरंच होतं. आणि मनातून ताईला हायसंच वाटलं, की निर्णय आपल्याला घ्यावा लागला नाही.

६

समिती अकराच्या ठोक्याला आली. अध्यक्षबाई बुटक्या, करड्या केसांच्या आणि शब्द जपून वापरणाऱ्या होत्या. बाकीचे दोघं त्यांच्या मागे वहीत बघत उभे राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या पडद्यापुढे, ताईच्या खुर्चीत बसल्या.

"एका बाजूला कळ्या असलेले फोटो मी पाहिलेत," त्या म्हणाल्या. "फोटोवर माझा विश्वास नाही. मला नव्या कळ्या आत्ता फुटताना बघायच्या आहेत."

पडद्यावर मोठ्या कळ्या होत्या, सकाळच्या. नवी एकही नव्हती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बऱ्याच पेशी नुसत्याच गोल, गुळगुळीत दिसत होत्या. मागच्या दोघांपैकी एकाने घड्याळ बघितलं. सरांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"थांबल्या वाटतं," बाई म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "मेल्या असतील."

मेल्या नव्हत्या. मेलेली पेशी कशी दिसते हे ताईइतकं कोणालाच माहीत नव्हतं. या पेशी जिवंत होत्या, रसरशीत होत्या. मग कळ्या गेल्या कुठे? आणि तिला ते एकदम कळलं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

बोलायचं नाही, असं एक मन म्हणालं. समिती निघून जाईल, आपण दार ओढून घेऊ, घरी जाऊ, आईच्या समोर बसून जेवू. पण सहा वर्षं. आणि तिच्या हाताला यश नाही म्हणणारा माणूस शेजारीच उभा होता.

"बाई, एक मिनिट," ती म्हणाली आणि तिने फोकसचं चाक पाव वळसा फिरवलं.

पेशींच्या कडा अंधूक झाल्या. आणि प्रत्येकीच्या बरोबर मधोमध एक एक बारीक, लखलखीत टिकली वर आली. एकामागून एक, साठ-सत्तर. कळ्या फुटत होत्या. भिंतीकडे नाही, दाराकडे नाही, डाव्या-उजव्या कुठल्याच बाजूला नाही. सरळ छताकडे.

मग अध्यक्षबाईंनी खुर्ची पुढे ओढली. सर, ते दोघं, सगळेच पडद्यावर झुकले. बाईंनी मोजायला सुरुवात केली, अर्ध्यावर सोडून दिली आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "वा. मी चाळीस वर्षं यीस्ट बघतेय," त्या म्हणाल्या. "मग आता ते कुठे आहे म्हणायचं?"

"इथेच," ताई म्हणाली. "डिशच्या वर."

सगळे हसले. ताईही हसली. या मायक्रोस्कोपला भिंग खालून असतं आणि दिवा वरून. डिश आणि दिवा यांच्यामध्ये फक्त वीतभर मोकळी हवा होती. तिने तिथे बघितलं. हवा मोकळीच होती.

बाईंनी तिथल्या तिथे कागदावर सही केली. "दोन वर्षं वाढवून देतोय. आणि ही खोली फक्त तुमच्या कामासाठी. दुसरं कोणी इथे बसणार नाही, मी तसं लिहून देते." सरांनी ताईच्या खांद्यावर थोपटलं.

तेवढ्यात पडद्यावर एका कडेने अंधारून आलं.

"दिवा जातोय वाटतं," बाई उठता उठता म्हणाल्या.

दिवा पूर्ण तेजात होता. सगळे पडद्याकडे तोंड करून उभे होते, डिशवर कोणी वाकलेलं नव्हतं. मामा दारात होते. सावलीची कड गोलसर होती आणि ती डिशवर हळूहळू, काळजीपूर्वक सरकत होती. आपण नीट बघता यावं म्हणून एखाद्या वस्तूवर तोंड आणतो, तशी.

"चहा घेऊ या," सर म्हणाले. "ताई, तू तेवढ्या नोंदी पुऱ्या करून ये. खोली आता तुझीच आहे." हसत, बोलत सगळे बाहेर पडले. मामा शेवटी गेले आणि जाताना त्यांनी कडी आठवणीने, नीट घातली.

ताई एकटीच पडद्यासमोर उभी राहिली. तिला पळायचं होतं आणि बघायचंही होतं, आणि बघण्याची ओढ मोठी ठरली. ती खुर्चीवर बसली. सावली डिशच्या मधोमध बराच वेळ थांबली. मग हलली. वरच्या कडेपासून उजेड परत यायला लागला, पेशी एकेक करून उजळल्या, आणि सावली पडद्याच्या खालच्या कडेने बाहेर पडली.

चित्र आता सरळ होतं. खालची कड म्हणजे टेबलाची अलीकडची बाजू, आणि टेबलाच्या अलीकडे फक्त तिची खुर्ची होती.